उशीर झाला असेल तर उशीर दिसू द्या, तारीख मागे नेऊ नका

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मिरजेला नर्सिंग केलं आणि एनक्लेक्स ही अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा देऊन न्यू जर्सीत आले. इथल्या एका नर्सिंग होममध्ये फ्लोअरवर आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, होते. मध्यंतरी इथे राहणाऱ्यांच्या, म्हणजे रेसिडेंट्सच्या, मूल्यमापनाचे एमडीएस फॉर्म सांभाळणाऱ्या आमच्या कोऑर्डिनेटर बाई अचानक सोडून गेल्या आणि डीओएननी, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांनी, ते काम माझ्यावर टाकलं. शिकवायला कुणीच नव्हतं. फाइली उघडल्या आणि घाबरले. कितीतरी रेसिडेंट्सची तिमाही असेसमेंट, म्हणजे दर तीन महिन्यांचं मूल्यमापन, राहून गेली आहे. काहींची सुरू करून अर्धवट सोडली आहे. केअर प्लॅनचं, म्हणजे काळजीच्या योजनांचं, तर विचारू नका. एका आजींना हिवाळ्यात खुब्याचं फ्रॅक्चर झालं, त्या आता व्हीलचेअरवर आहेत, पण प्लॅनमध्ये अजून ‘वॉकर घेऊन स्वतः चालतात’ असंच आहे.

सर्व्हे, म्हणजे सरकारी तपासणी, कधीही येईल. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात, ‘जुन्या तारखा टाक आणि संपव, सगळीकडे असंच चालतं.’ पण सही माझी आहे.

आणखी एक. आमच्याकडे एक मराठी आजोबा आहेत. त्यांचा बिम्स, म्हणजे स्मृतीच्या चाचणीचा, स्कोअर ४ लिहिलाय. पण माझ्याशी ते मराठीत नीट बोलतात, नातवाच्या परीक्षा कधी संपतात तेसुद्धा त्यांना माहीत असतं.

एजन्सीचा करार अजून संपलेला नाही, घरी पैसे पाठवावे लागतात. मी काय करू?

– एक नर्स, न्यू जर्सी

उत्तर

तुझं पत्र वाचून आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे आज रात्री झोप तरी लागेल. जुनी तारीख टाकू नकोस. एकाही फॉर्मवर नाही, कुणीही सांगितलं तरी नाही. बाकीच्या सगळ्यावर उपाय आहे आणि तो तुझ्या आवाक्यातला आहे.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की पुण्या-नाशकातलं वीस खाटांचं खाजगी इस्पितळ डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेतलं नर्सिंग होम म्हणजे वृद्ध आणि आजारी माणसांच्या दीर्घ मुक्कामाची जागा. कित्येकांचं ते अखेरचं घर असतं. एकेकाळी या घरांमध्ये माणसांना खुर्चीला बांधून ठेवत, गुंगीची औषधं देऊन गप्प बसवत. त्यावर खूप आरडाओरड झाली आणि १९८७ साली संसदेने कायदा केला. प्रत्येक रेसिडेंटचं ठरावीक काळाने पूर्ण मूल्यमापन झालंच पाहिजे आणि त्यावरून त्याच्यापुरती काळजीची योजना बनली पाहिजे, ही सक्ती तेव्हापासूनची. एमडीएस हा त्या मूल्यमापनाचा फॉर्म. सध्याची तिसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१० पासून चालू आहे. फॉर्म कंटाळवाणा आहे हे मी नाकारत नाही. पण खाटेवरच्या माणसाकडे वर्षातून निदान चार वेळा कुणीतरी नीट बघावं, यासाठी तो आहे. तुझ्या ढिगातला प्रत्येक राहिलेला फॉर्म म्हणजे एकेका माणसाकडे बघायचं राहून गेलंय.

आता सहीचं. तू ज्या भागात सही करतेस त्याच्या वरचा मजकूर एकदा शांतपणे वाच. ही माहिती मी दाखवलेल्या तारखांना गोळा केली किंवा गोळा करवून घेतली, असं त्यात तू लिहून देतेस. तारीख हा त्या प्रतिज्ञेचाच भाग आहे. शिवाय असेसमेंट पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आरएननेच द्यायचं असतं, म्हणजे डीओएन किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर यांनी तोंडी काहीही सांगितलं तरी कागदावर तूच असतेस. जाणूनबुजून खोटं प्रमाणित करणाऱ्याला प्रत्येक असेसमेंटमागे १,००० डॉलरपर्यंत दंड, असं मूळ नियमात आहे. दुसऱ्याकडून खोटं करवून घेणाऱ्याला ५,००० पर्यंत. महागाईप्रमाणे या रकमा वाढवल्या जातात, पण ते पाचपटीचं प्रमाण लक्षात ठेव. कायदा करणाऱ्यांना तुझ्यासारख्या नर्सवर दबाव येणार हे ठाऊक होतं. दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तुझं लायसन्स. आणि मेडिकेअरचे, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचे, पैसे ज्या फॉर्मवरून ठरतात त्याच्यावर खोटी तारीख असेल, तर प्रकरण दंडावर थांबेलच असं नाही. सॉफ्टवेअरमध्ये कोणता रकाना कुणी कधी भरला याची नोंद आपोआप राहते. एप्रिलची तारीख आणि जुलैची नोंद शेजारी शेजारी ठेवून बघायला कुणालाही पाच मिनिटं पुरतात.

याउलट खऱ्या तारखेने उशिरा पाठवलं तर काय होतं? सरकारी प्रणाली रेकॉर्ड स्वीकारते आणि अहवालात ‘उशिरा पूर्ण’ असा इशारा देते. फॉर्म परत येत नाही. सर्व्हेअरला ते दिसलं तर डेफिशियन्सी, म्हणजे त्रुटी, लिहिली जाऊ शकते, सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. मेडिकेअरच्या ‘पार्ट ए’ भागातून ज्याचा खर्च भागतो अशा रेसिडेंटची मुक्कामाच्या सुरुवातीची ‘पाच दिवसांची’ असेसमेंट चुकली, तर जितके दिवस उशीर तितके दिवस संस्थेला किमान दराने पैसे मिळतात. हे सगळं संस्थेला त्रासाचं आहे, पण निस्तरता येण्यासारखं आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर घाबरलेत ते यालाच, आणि त्यांची भीती तुझ्या सहीने झाकली जाणार नाही.

मुदती तुला कुणी बसून समजावल्या नसतील, म्हणून एका उदाहरणाने सांगते. समज, एखादी बाई ३ मार्चला दाखल झाली. तो पहिला दिवस. ४८ तासांत बेसलाइन केअर प्लॅन हवा आणि त्याचा सारांश तिला किंवा तिच्या माणसांना द्यायला हवा. चौदाव्या दिवशी, म्हणजे १६ मार्चपर्यंत, पहिली सर्वंकष असेसमेंट केअर एरियांच्या, म्हणजे ज्या बाबतींत काळजी लागते त्यांच्या, विश्लेषणासकट पूर्ण व्हायला हवी. त्यानंतर ७ दिवसांत, २३ मार्चपर्यंत, पूर्ण केअर प्लॅन. तिथून १४ दिवसांत, ६ एप्रिलपर्यंत, फॉर्म पाठवलेला हवा. तिची एआरडी, म्हणजे ज्या दिवसापासून मागे वळून बघायचं तो दिवस, १० मार्च धरली असेल तर पुढच्या तिमाहीची एआरडी ९२ दिवसांच्या आत, १० जूनपर्यंत, आणि ती तिमाही २४ जूनपर्यंत पूर्ण. वर्षाची सर्वंकष असेसमेंट मागच्या सर्वंकषपासून ३६६ दिवसांत. हे एवढं गणित भिंतीवर लावून ठेव.

मग ढीग उचल. सगळ्या रेसिडेंट्सची एक यादी कर: शेवटची एआरडी कधी, कोणत्या प्रकारची, पूर्ण झाली का, पाठवली का, केअर प्लॅनला शेवटचा हात कधी लागला. यादी झाली की लक्षात येईल की सगळ्यांचा उशीर एका जातीचा नाही.

ज्यांची सही झालीय आणि फक्त पाठवायची राहिलीय, त्या आजच पाठव. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

ज्यांची एआरडी वेळेवर ठरवली होती पण फॉर्म अर्धा राहिला, तिथे एआरडी तीच राहील. त्या दिवसाच्या मागच्या ठरावीक दिवसांत चार्टमध्ये जे नोंदलं गेलंय त्यावरून भर आणि पूर्ण केल्याची तारीख आजची घाल. आठवणीतून काही भरू नकोस. सगळ्यात जास्त लोक घसरतात ते मुलाखतींच्या भागात. स्मृतीची, मनःस्थितीची, वेदनेची मुलाखत त्या काळात घ्यायची होती आणि कुणी घेतलीच नाही, तर आजची उत्तरं त्या जुन्या चौकटीत बसवता येत नाहीत. मुलाखत व्हायला हवी होती असं लिहायचं आणि उत्तरांच्या जागी डॅश द्यायचा. त्याऐवजी स्टाफच्या अंदाजाचा रकाना भरून वेळ मारून नेणं चूक. डॅश पडले की संस्थेच्या गुणांवर परिणाम होईल अशी कुरकुर होईल, ती होऊ दे. पण मुलाखत मात्र आज घे आणि आजच्या तारखेच्या नोटमध्ये लिही, कारण त्या माणसाला आज दुखतंय की नाही हे आज कळायला हवं.

ज्यांची एआरडी कुणी ठरवलीच नव्हती, तिथे ती आजची किंवा पुढची ठरव. मागची नाही. हुकलेली तिमाही परत जाऊन भरता येत नाही. एक नवी कर, तिथून पुढचे ९२ दिवस मोज. पण वर्षाची असेसमेंट जवळ आली आहे का ते आधी तपास, म्हणजे तिमाहीचं काम करून लगेच सर्वंकष करायची वेळ येणार नाही.

हे झालं फॉर्मचं. पण कोणाचं काम आधी हातात घ्यायचं, हे तारखेवरून ठरवू नकोस. सगळ्यात जुनी असेसमेंट आधी, असं करावंसं वाटतं, कारण लाल अक्षरं तिथेच सगळ्यात जास्त दिसतात. जो पडलाय, ज्याचं वजन महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलंय, ज्याच्या माकडहाडाजवळ नवी जखम आहे, जो इस्पितळातून परत आलाय, जो हॉस्पिसवर (अखेरच्या दिवसांच्या शुश्रूषेवर) गेलाय, ज्याला मनोविकाराचं नवीन औषध सुरू झालंय, तो आधी. अशांचा केअर प्लॅन त्याच दिवशी दुरुस्त कर. ७ दिवस ही शेवटची मुदत आहे. आज सकाळी बदल लिहायला कोणताही नियम आड येत नाही.

तुझ्या त्या फ्रॅक्चरच्या आजी या यादीत सगळ्यात वर. चालणं गेलं, म्हणजे बहुधा कपडे बदलणं, बाथरूमला जाणं यातही त्या परावलंबी झाल्या असणार. दोन किंवा जास्त बाबतींत घसरण झाली आणि ती आपोआप भरून येण्यासारखी नसेल, तर ती ‘सिग्निफिकंट चेंज’ असेसमेंट होते. टीमने तसं ठरवलं त्या दिवसापासून १४ दिवसांत ती पूर्ण करायची असते. ठरवल्याची तारीख आजची आणि खरी लिही, चार्टमध्ये एक ओळ टाक. ही सर्वंकष असते, त्यामुळे त्यांची राहिलेली तिमाही वेगळी करावी लागणार नाही आणि पुढचं वेळापत्रकही नव्याने सुरू होईल. पण असेसमेंट पूर्ण व्हायची वाट बघू नकोस. ‘वॉकर घेऊन स्वतः चालतात’ ही ओळ आजच्या आज काढ. एखादी नवीन एड (नर्सच्या हाताखालची मदतनीस) ती वाचून आजींना खाटेवरून उठवून वॉकर हातात देईल आणि दुसरा खुबा मोडेल. तू मला लिहिलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही सगळ्यात तातडीची वाटते.

नवीन ओळ लिहायच्या आधी त्या आजींची रोजची एड कोण आहे ते शोध आणि तिच्याशी पाच मिनिटं बोल. केअर प्लॅनमध्ये एक वाक्य जवळजवळ प्रत्येक होममध्ये सापडतं: पुढच्या रिव्ह्यूपर्यंत रेसिडेंट पडणार नाही. उपाय काय, तर कॉल बेल हाताशी ठेवा. आता स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला बेल कशासाठी असते हेच आठवत नाही, तर ती हाताशी ठेवून काय होणार? आणि एडला विचारलं तर ती सांगते, ‘या बाई पहाटे साडेतीन-चारच्या सुमाराला उठतातच, बाथरूमला जायचं असतं. तीनला मी नेऊन आणलं की सकाळपर्यंत झोपतात. चष्मा डाव्या बाजूला ठेवते, नाहीतर उजवीकडे चाचपडतात आणि तोल जातो.’ हा खरा केअर प्लॅन आहे आणि तो कुठेच लिहिलेला नाही. ती एड सुट्टीवर गेली की तो तिच्याबरोबर सुट्टीवर जातो. हे तिचंच वाक्य प्लॅनमध्ये उतरव: किती वाजता, कोणी, काय करायचं. नियमातसुद्धा प्लॅन बनवणाऱ्या टीममध्ये त्या रेसिडेंटची जबाबदारी असलेली एड असायलाच हवी असं आहे. डॉक्टर, नर्स, आहारविभाग, रेसिडेंट आणि त्याचं माणूस यांच्याबरोबरीने. प्रत्यक्षात एड फ्लोअर सोडून मीटिंगला येऊ शकत नाही हे मला माहीत आहे. म्हणून तूच सकाळी सातच्या शिफ्ट बदलाला जा, रात्रपाळीची एड निघायच्या आत तिला गाठ. सर्व्हेअर फाइल वाचून थांबत नाहीत. ते खोलीच्या दाराशी उभे राहून एड काय करते ते बघतात आणि मग प्लॅनशी ताडून बघतात.

आता आजोबा. तू लिहिलंस म्हणून बरं झालं, कारण हा उशिराचा प्रश्न नाही, चुकीच्या नोंदीचा आहे, आणि तो मला जास्त लागला. बिम्स १५ पैकी असतो. शून्य ते ७ म्हणजे स्मृतीची गंभीर घसरण. ४ लिहिलं की त्या माणसाकडे सगळे तसंच बघू लागतात: त्याला विचारून काय उपयोग, मुलाला फोन करा. त्या परीक्षेत तीन शब्द सांगतात आणि मग थोड्या वेळाने परत विचारतात. आयुष्य सांगली-साताऱ्यात काढलेल्या, ऐंशीच्या पुढच्या माणसाला ते तीन शब्द परक्या उच्चारातल्या इंग्रजीत ऐकवले, तर तो स्मरणशक्तीत नापास झाला की भाषेत? फॉर्ममध्ये पसंतीची भाषा कोणती आणि दुभाषा हवा का, हे सरळ विचारलेलं आहे. तो रकाना कुणी भरलाय का बघ. पुढची मुलाखत मराठीत होऊ दे, शक्यतो व्यावसायिक दुभाष्यामार्फत. टेलिफोनवरचे दुभाषे मिळतात. तू स्वतः घेणार असशील तर संस्थेच्या भाषाविषयक धोरणात ते बसतं का हे आधी विचारून घे. आधीचा स्कोअर भाषेमुळे चुकला असं टीमला वाटलं, तर दुरुस्तीची पद्धत ठरलेली आहे, तीच वापर. जुन्या फॉर्मवर नुसता आकडा बदलू नकोस.

मुलगा-सून भेटायला आले की त्यांनाच दुभाषा करायचा मोह होतो. स्मृतीच्या प्रश्नांनाही ते टाळ, मनःस्थितीच्या प्रश्नांना तर नकोच. त्या मुलाखतीत शेवटी, आपण मेलेलं बरं असं वाटतं का, असा प्रश्न आहे. सून समोर उभी असताना आपल्याकडचा कोणता आजोबा त्याचं खरं उत्तर देईल? ‘छे छे, सगळं उत्तम आहे’ असंच म्हणेल, तिला वाईट वाटू नये म्हणून. एकटा असला तर कदाचित म्हणेल, ‘देवाने आता उचलावं.’ आपल्या घरांत म्हातारी माणसं हे सर्रास म्हणतात, म्हणून घरचे त्यावर हसून सोडून देतात. तू सोडू नकोस. किती दिवस असं वाटतंय, रोज वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हे शांतपणे विचार आणि जे उत्तर येईल ते नोंद. स्वतःला इजा करण्याचा विचार असेल तर त्याच शिफ्टमध्ये डॉक्टरांना आणि सोशल वर्करला कळव.

त्यांच्या प्लॅनमध्ये जेवणही बघ. मधुमेहाचा आहार लिहिलेला असेल. पण ते शाकाहारी आहेत का, एकादशी करतात का, संध्याकाळी भात नसला तर ताटाला हात लावतात का, हे कुणी विचारलंय? वजन उतरल्याची नोंद झाली की सप्लिमेंटचे डबे सुरू होतात. आधी एकदा त्यांना वरण-भात मिळतोय का ते आहारविभागाला विचारून बघ.

आणि त्यांच्या घरच्यांना फोन कर. ज्यांच्या ज्यांच्या केअर कॉन्फरन्स हुकल्या त्या सगळ्यांच्या घरी करायचा आहे. आपली मराठी कुटुंबं इथे दबून असतात. ‘ते मोठे लोक, त्यांना कळतं’ असं म्हणून मीटिंगला बोलावलं नाही तरी विचारत नाहीत. त्यांना सांग की योजना बनवताना सहभागी होणं हा रेसिडेंटचा हक्क आहे, मीटिंग व्हायला हवी होती, झाली नाही, आता अमुक दिवशी ठेवतोय. असं मोकळेपणाने सांगितलं तर क्वचितच कुणी भांडतं. लपवलं आणि नंतर कळलं तर मात्र भांडतात, आणि ते रास्त आहे.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी बोलताना तत्त्वाची भाषा नको. यादी हातात घेऊन जा. ‘इतक्या पाठवून झाल्या, इतक्या या आठवड्यात पूर्ण होतील, इतक्यांना नवी एआरडी दिली आहे. सगळ्यांवर खऱ्या तारखा असतील. जुन्या तारखेने मी सही करू शकत नाही, ते माझ्या लायसन्सवर येतं आणि तुमच्यावरही येतं.’ एवढं पुरे. मग त्याच संध्याकाळी तेच दोन-तीन ओळींत ईमेलने डीओएनला आणि त्यांना पाठव: आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे सर्व राहिलेल्या असेसमेंट्स प्रत्यक्ष पूर्ण झाल्याच्या तारखेने करत आहे. आरोप नको, तक्रारीचा सूर नको. लेखी असणं महत्त्वाचं.

त्यांच्या हातात देण्यासारखी एक चांगली गोष्टही तुझ्याकडे आहे. हा विषय संस्थेच्या क्यूएपीआय, म्हणजे गुणवत्ता सुधारण्याच्या, समितीत न्यायला सांग. चूक आम्ही स्वतः शोधली, कारण शोधलं, दुरुस्त केली आणि परत होत नाही ना हे तपासतोय, असं समितीच्या कामात दिसलं, तर त्या प्रामाणिक प्रयत्नाचाच आधार घेऊन संस्थेवर कारवाई करता येत नाही, असं संघीय नियमात आहे. सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती पूर्ण झालेली असेल तर ती ‘भूतकाळातली त्रुटी’ म्हणून धरली जाण्याचीही शक्यता असते. सर्व्हे साधारण वर्षाने, जास्तीत जास्त १५ महिन्यांनी होतो. मागचा कधी झाला ते बघ, म्हणजे हातात किती वेळ आहे ते कळेल. खोट्या तारखांनी हा सगळा फायदा हातचा जातो, हे त्यांना स्पष्ट सांग.

समितीत कारण शोधताना ‘आधीची कोऑर्डिनेटर सोडून गेली’ यावर थांबू देऊ नकोस. ती का गेली? बहुतेक ठिकाणी एक नर्स आजारी पडली की एमडीएसवाल्या नर्सला औषधांच्या गाडीवर उभं करतात आणि तिचं काम उद्यावर जातं. असे उद्या साठत जातात. तुझ्या बाबतीत हे होतंय का? होत असेल तर आठवड्यातले ठरलेले तास लेखी मागून घे. मुलाखतींचं काम सोशल वर्करकडे, हालचालींच्या नोंदींचं काही थेरपीकडे, असं वाटलं गेलं पाहिजे आणि एआरडी किमान दोन-तीन आठवडे आधी सगळ्यांना कळली पाहिजे. सध्याच्या ढिगासाठी थोडे दिवस दुसरी आरएन मदतीला माग. मिळेल की नाही माहीत नाही, पण मागितल्याचं लेखी असू दे.

हे सगळं करूनही दबाव थांबला नाही तर? मोठ्या कंपनीचं होम असेल तर कंपनीची कम्प्लायन्स हॉटलाइन (नियमभंग कळवायचा फोन) असते, तिथे आधी. न्यू जर्सीत १९८६ पासून नोकरदारांना संरक्षण देणारा कायदा आहे, त्याला सीपा म्हणतात. बेकायदा वाटणाऱ्या गोष्टीत भाग घ्यायला नकार दिला म्हणून नोकरीवरून काढायला किंवा छळायला त्यात मनाई आहे आणि लायसन्स असलेल्या आरोग्यसेवकांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. सरकारी यंत्रणेकडे जायच्या आधी वरिष्ठांना लेखी कळवावं लागतं, अशी त्यात अट आहे. तू पाठवलेला ईमेल इथे उपयोगी पडेल. पण त्या पायरीवर जायच्या आधी नोकरीविषयक वकिलाला एकदा भेटच.

एजन्सीच्या कराराचीही तीच गोष्ट. मुदतीआधी सोडलं तर किती पैसे भरावे लागतील हा आकडा त्यात लिहिलेला असतो आणि तो डोळ्यांपुढे ठेवून आपल्या मुली वाटेल ते सहन करतात. तो आकडा जसाच्या तसा वसूल होतो असं धरून चालू नकोस. करार घेऊन वकिलाकडे जा, इमिग्रेशनचं त्यालाच किंवा वेगळ्या वकिलाला विचार. मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या सल्ल्यावर विसंबू नकोस, प्रत्येकीचा करार वेगळा असतो. सध्या तरी नोकरी सोडायची वेळ आलेली नाही असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनी एकदा तोंडी सांगितलंय, तू अजून नाही म्हटलेलं नाहीस. पुष्कळदा एक नकार पुरतो.

आपल्या बाजूचे ईमेल आणि तारखांची टिपणं जपून ठेव. त्यात रेसिडेंट्सची नावं, खोली नंबर किंवा चार्टचे फोटो मात्र घेऊ नकोस, फोनवरही नाही. स्वतःच्या बचावासाठी घेतले तरी ते हिपाचं, म्हणजे रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्याचं, उल्लंघन ठरू शकतं आणि मग मूळ विषय बाजूला राहतो. कोणत्या दिवशी कोणाशी काय बोलणं झालं, एवढंच लिही. सोमवारी गेलीस की आधी त्या आजींच्या प्लॅनमधली ती ओळ बदल, यादी त्यानंतर.